कण्या, फुलकोबी आणि भात

आमच्या धाराशिवकडे पाहुण्याची योग्यता मोजण्याचे एक साधे माप होते. पाहुणा घरचा असला तर भाकरी. आणि जावई, व्याही किंवा तलाठी असला तर भात! काळ्या जमिनीचा आणि बेताच्या पावसाचा हा मुलूख. शेतात पिकणार ज्वारी, तूर, हरभरा, करडई. तांदूळ यायचा तो दुकानातून, पुरचुंडीत बांधून. आणि तोही सणावाराला, लग्नकार्याला, नाहीतर घरात कोणी तापाने अंथरुणाला खिळले तर. "आज भात शिजायलाय, कोण पडलंय गं आजारी?" असा प्रश्न आमची शेजारीण भिंतीवरून अगदी सहज विचारीत असे.

त्याच घरात गेल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, भाताच्या एका वाटीवरून मोठे रामायण घडले. त्यात कैकेयीची भूमिका माझ्याकडे आली होती, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

माझी आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. ती धाराशिवला दादाकडे असते. मी राहते पुण्याला. आईला मधुमेह होऊन वीस वर्षे झाली. त्यातच दाढा गेल्या. कवळीशी तिचे कधी जमलेच नाही; ती डबीत आणि आई पलंगावर, असा दोघींचा संसार. भाकरी चावत नाही, म्हणून रात्री तिला मऊ भात, वरण आणि लिंबाची फोड लागते. ज्या बाईने उभा जन्म ज्वारीच्या भाकरीवर काढला, तिला म्हातारपणी रोज भात मिळू लागला. याचे तिला केवढे अप्रूप! भात वाढला की ती आधी वाटीकडे पाहते आणि मग आपल्याकडे पाहून हसते.

पण तिच्या साखरेचे आकडे काही हसण्याजोगे नव्हते. दादाने फोनवर ते सांगितले आणि मी चार कपडे पिशवीत भरून निघाले. निघताना माझ्या लेकीने मोबाइलवर एक तक्ता पाठवला. एका बाजूला तांदूळ, दुसऱ्या बाजूला फुलकोबी. शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशेच्या वर उष्मांक आणि अठ्ठ्याहत्तर ग्रॅम पिष्ट. शंभर ग्रॅम फुलकोबीत जेमतेम पंचवीस उष्मांक आणि पाच ग्रॅम पिष्ट. पुण्यात हल्ली फुलकोबीचा 'भात' करण्याची टूम निघाली आहे. आमच्या सोसायटीत तर निम्म्या घरांत तो शिजतो आणि उरलेल्या निम्म्या घरांत त्याची चर्चा शिजते. चौदापट फरक! गाडीत बसल्या बसल्या मी मनाशी ठरवून टाकले की, आईचा मधुमेह आता माझ्या हातात आहे.

पोहोचल्या दिवशीच संध्याकाळी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कृती तशी सोपी. फुलकोबीचा घट्ट गड्डा घ्यायचा, पाने आणि जाड दांडे काढून टाकायचे, तुरे स्वच्छ धुऊन किसायचे. कीस फडक्यात बांधून पिळायचा, कारण फुलकोबीत शंभरातले नव्वदाहून अधिक भाग पाणीच असते. मग कढईत चमचाभर तेलावर जिरे टाकून चार-पाच मिनिटे परतायचा. झाकण मात्र ठेवायचे नाही. ठेवले की त्याचा लगदा होतो आणि तो उग्र वासही घरभर सुटतो. दिसायला म्हणाल तर पांढराशुभ्र, मोकळा, शितासारखा कीस. मी तो आईच्याच वाटीत दाबून भरला, ताटात मूद पाडली, वर वरण ओतले आणि लिंबाची फोड ठेवली.

वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "वन्सं, आत्याबाईंना सांगणार ना, की हे फ्लॉवर आहे म्हणून?"

"सांगू हो. आधी खाऊ तर दे त्यांना," मी म्हटले. खरे सांगायचे तर न सांगण्याचाच माझा विचार होता.

आईने पहिला घास घेतला. थोडा वेळ तो तोंडात घोळवला. माझ्याकडे पाहिले, पण काही बोलली नाही. अर्धी मूद संपली, अर्धी ताटात राहिली. "पोट भरलं गं," म्हणाली आणि हात धुवायला उठली. मला वाटले, जिंकले! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सकाळचे साखरेचे आकडे खाली येऊ लागले. मी ते लेकीला कळवले, लेकीने शाबासकी दिली. दादा म्हणाला, "तू आधीच यायला हवं होतंस." असे कौतुक धाकट्या बहिणीच्या वाट्याला वारंवार येत नाही, तेव्हा मी ते मनसोक्त उपभोगले.

चौथ्या रात्री अडीचच्या सुमारास आईच्या खोलीत तांब्या पडल्याचा आवाज झाला. मी धावत गेले. आई पलंगाच्या कडेला बसली होती. अंगाला दरदरून घाम, हात थरथर कापताहेत, बोलणे अडखळते आहे. मला ती माझ्या मावशीच्या नावाने हाक मारीत होती. आणि ती मावशी जाऊन अकरा वर्षे झाली होती. दादाने तिच्या बोटाला सुई टोचून यंत्र पाहिले. आकडा होता चोपन्न.

साखर सत्तरच्या खाली उतरली की धोका, हे दादाला डॉक्टरांनी पूर्वीच समजावून ठेवले होते, म्हणून बरे. त्याने पाण्यात तीन चहाचे चमचे साखर विरघळवली आणि आईला घोटघोट पाजली. ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणूनच हे करता आले. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही एक घालायचे नसते, सरळ दवाखाना गाठायचा असतो. पंधरा मिनिटे आम्ही घड्याळाकडे पाहत बसलो. ती पंधरा मिनिटे मला अजून विसरता आलेली नाहीत. मग पुन्हा सुई टोचली. आकडा एक्क्याऐंशी. वहिनींनी दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी आणली. आईने ती निमूटपणे खाल्ली आणि मला माझ्या नावाने हाक मारली. मी उठून परसात गेले आणि तेथे उभी राहून पोटभर रडले.

सकाळी डॉक्टर घरी आले. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, आईच्या गोळ्यांची पाकिटे पाहिली आणि मला एकच प्रश्न विचारला, "भात काढलात, तेव्हा गोळी कमी केलीत का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आईला जेवणाआधी घ्यायची जी गोळी होती, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी. मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्या अशा नसतात. पण या जातीच्या गोळीला समोर काय जेवण येणार आहे, ते ठाऊक नसते. ती आपली रोजच्या भाताचा हिशेब धरून काम करते. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही पाहुणा घरी पाठवून दिलात, पण त्याच्यासाठी लावलेली पंगत उठवायला विसरलात." त्यांनी गोळीचे प्रमाण बदलून दिले. या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो म्हणून दिवसभर दर काही तासांनी साखर तपासायला सांगितले. फुलकोबीला त्यांनी वाईट म्हटले नाही, भातालाही म्हटले नाही. "आहार बदला, जरूर बदला," ते म्हणाले, "फक्त आधी मला सांगून बदला."

ते गेल्यावर मी दादाच्या घरातला छोटा तराजू काढला आणि जे आधी करायला हवे होते ते तेव्हा केले. आईची वाटी मोजली. तिच्या रोजच्या दोन वाट्या भाताचे वजन भरले अडीचशे ग्रॅम. आता या भाताचा हिशेब पाहा. शिजलेल्या शंभर ग्रॅम पांढऱ्या भातात सुमारे १३० उष्मांक, २८ ग्रॅम पिष्ट, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि अर्ध्या ग्रॅमहूनही कमी तंतू असतात. म्हणजे लेकीच्या तक्त्यातले साडेतीनशे उष्मांक होते ते कोरड्या तांदळाचे! तांदूळ शिजताना पाणी पितो आणि वजनाने जवळजवळ पावणेतीनपट होतो. कोरडा तांदूळ कोणी खात नाही. पण तक्त्यात मात्र कोरडा तांदूळ आणि ओली फुलकोबी यांची कुस्ती लावलेली होती. मला जो चौदापट फरक दिसला होता, तो ताटात प्रत्यक्षात पाचपट होता. घरोघरी फिरणाऱ्या अशा तक्त्यांत हा घोटाळा नेहमी होतो. वाचकांनी तेवढे एक पाहून घ्यावे: आकडा कोरड्याचा की शिजवलेल्याचा?

पाचपट हाही काही लहान फरक नव्हे. आईच्या अडीचशे ग्रॅम भातातून तिला सव्वातीनशे उष्मांक आणि सत्तर ग्रॅम पिष्ट मिळत होते. त्याजागी ती दोनशे ग्रॅम फुलकोबीदेखील खात नव्हती. त्यातून पन्नास उष्मांक आणि फार तर दहा ग्रॅम पिष्ट. भाताएवढी शक्ती फुलकोबीतून मिळवायची, तर एका बैठकीला सव्वा किलोहून अधिक फुलकोबी खायला हवी. ते बकासुराचे काम, ब्याऐंशी वर्षांच्या दात नसलेल्या बाईचे नव्हे. म्हणजे मी आईची साखर उतरवली हे खरे. पण ती उतरवली अर्धपोटी ठेवून. आकडे चांगले आले, कारण आई उपाशी होती.

फुलकोबीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तिच्यात क जीवनसत्त्व भरपूर. कच्च्या शंभर ग्रॅममध्ये पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर. शिजवताना त्यातले काही जाते, तरी उरते ते थोडे नाही. पांढऱ्या भातात ते मुळीच नसते. तंतूही भातापेक्षा कितीतरी अधिक. जो चाळिशीचा, खुर्चीत बसून काम करणारा, वजन वाढलेला गृहस्थ रोज चार वाढप भात खातो, त्याने त्यातले दोन वाढप फुलकोबीचे केले, तर त्याचे भलेच होईल. परंतु फुलकोबी ही भाजी आहे. १८२२ साली इंग्लंडातून तिचे बी आले आणि सहारनपूरच्या कंपनी बागेत पेरले गेले, तेव्हापासून आजवर ती या देशात भाजी म्हणूनच नांदली आहे. तिला धान्याच्या पाटावर बसवले की तिची तारांबळ उडते आणि आपलीही.

त्या दिवशी दुपारी मी आईच्या पायांना तेल लावीत बसले होते. म्हटले, "आई, मी तुला फसवलं. तो भात नव्हता, फ्लॉवर होता."

"ठाव हाय की मला," आई म्हणाली. "पहिल्याच घासाला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पुण्याहून यिऊन एवढं खपायलीस. कशाला बोलू?" मग जरा थांबून म्हणाली, "मी बी तुमाला फसविलंयच की. कण्याला भात म्हणून वाढलंय."

कण्या! कित्येक वर्षांत हा शब्द माझ्या कानांवर पडला नव्हता. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आई-वडील दोघेही खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जात. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. त्या मिलोच्या भाकरीला आम्ही मुले तोंड वेंगाडीत असू. मग एखाद्या संध्याकाळी आई घरातली राखून ठेवलेली पसाभर ज्वारी काढी. तिच्यावर पाण्याचा हबका मारून ती उखळात कांडायची, कोंडा पाखडायचा, मग जात्यावर भरड काढायची. चाळणीतून पीठ खाली पडे आणि वर राहत त्या कण्या. चुलीवर आधण ठेवून त्या तासभर रटरट शिजवायच्या, मीठ घालायचे आणि शेजारून मिळाले तर वर ताक. "या रे, आज भात केलाय," अशी हाक ती द्यायची. आम्ही भात म्हणून त्या ओरपीत असू. खरा भात वर्षाकाठी दोनदा दिसायचा, तेव्हा फरक कळणार तरी कसा!

आई म्हणाली, "फसविलं खरं, पर त्यानं तुमचं पोट तरी भरलं."

हे ती मला टोचावे म्हणून बोलली नाही. तिला टोचता येतच नाही. पण माझे तेल लावणारे हात थांबले.

संध्याकाळी मी ज्वारीचे आकडे पाहिले. आपल्या देशात अन्नाची अशी मोजदाद करण्याचे काम फार जुने आहे. १९१८ साली मॅक्कॅरिसन नावाच्या डॉक्टरांनी कुन्नूर येथे एका खोलीत बेरीबेरी या रोगाचा तपास सुरू केला. सडलेल्या पांढऱ्या तांदळावरच जगणाऱ्या माणसांना होणारा हा रोग. म्हणजे त्या संस्थेचा जन्मच भाताच्या प्रश्नातून झाला. १९३७ मध्ये आयक्रॉइड यांनी तेथूनच हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे पुस्तक काढले. १९५८ मध्ये ती संस्था हैदराबादला गेली. हीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत कोरड्या शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ३५६ उष्मांक, आठ ग्रॅम प्रथिने आणि पावणेतीन ग्रॅमच्या आसपास तंतू दिले आहेत. तर ज्वारीत ३३४ उष्मांक, दहा ग्रॅम प्रथिने आणि दहा ग्रॅम तंतू. तांदळाच्या दुप्पट-तिप्पट नव्हे, साडेतीनपटीहून अधिक तंतू! लोहही अधिक. कांडून कोंडा काढला की तंतू थोडे घटतात, तरी पुष्कळ उरतात. ज्या कण्या आई लाजत लाजत 'भात' म्हणून वाढीत होती, त्या कशातही भाताहून हलक्या नव्हत्या. हलकी होती ती आमची समजूत.

मात्र आता एकदा पोळल्यामुळे मी ज्वारीचीही दुसरी बाजू पाहिली. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो; त्या बाबतीत तांदूळ तिच्याहून सरस. १९६० साली डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी असे दाखवले की, दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा जो रोग आढळतो, त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाच्या आधिक्याशी असावा. यावर उपाय आपल्या चुलीवर पूर्वीपासून आहे: ज्वारीबरोबर डाळ आणि ताक. आमच्याकडे वेळा अमावस्येला शेतात जी पंगत बसते, तिच्यात उंडे असतात, ताकातली आंबील असते आणि तऱ्हेतऱ्हेच्या ओल्या दाण्यांची भज्जीही असते. धान्याला कडधान्य आणि दुभत्याची जोड द्यायची, हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. आणखी एक गोष्ट. ज्वारी म्हणजे मधुमेहावरचे औषध नव्हे. मऊ शिजवलेल्या कण्यांनीही साखर वाढते. म्हणून वाटी तिथेही मोजूनच.

डॉक्टरांना विचारून आम्ही आईचे रात्रीचे जेवण पुन्हा बसवले. एक दिवस एक वाटी खरा भात, दुसऱ्या दिवशी एक वाटी कण्या. दोन्हींबरोबर घट्ट वरण आणि वाटीभर ताक. आणि फुलकोबी? ती आहेच. मऊ शिजवून, भाजी म्हणून, ताटाच्या डाव्या बाजूचे पाणी न होऊ देता आपल्या जागी, उजवीकडे. आणि आता तिच्या खऱ्या नावाने. वहिनींनी कण्यांसाठी गिरणीवाल्याला भरड काढून द्यायला राजी केले. "आता कोण मागतं हो कण्या?" असे तो म्हणाला होता. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, हे दादाने त्याला ऐकवले. त्यावर तो म्हणाला, "मग गुरुजी, जगाला पाठवा की माझ्या गिरणीत."

आईचे आकडे आता आदर्श नाहीत. डॉक्टर म्हणतात, या वयात ते फार आदर्श असूही नयेत. एकदम उतरणारी साखर थोड्या चढलेल्या साखरेहून अधिक घात करते. ती पोटभर जेवते, रात्री शांत झोपते आणि सकाळी मला माझ्याच नावाने फोनवर हाक मारते. माझे तेवढ्याने भागते.

दिवाळीच्या पाडव्याला मी तेथेच होते. त्या रात्री पाळी खऱ्या भाताची होती. सण म्हणून दादाने मुद्दाम आंबेमोहोर आणला होता. घरभर वास सुटला. सगळ्यांची पाने वाढून झाली. मी आईच्या ताटात भाताची मूद पाडली आणि तिच्याकडे पाहिले. नेहमीसारखी ती आधी वाटीकडे पाहून मग हसली नाही. तिची नजर माझ्या हातांतल्या दुसऱ्या पातेल्याकडे होती. त्यात आदल्या रात्रीच्या चमचाभर उरलेल्या कण्या होत्या. त्या मी माझ्यासाठी घेऊन बसणार होते.

"काय गं माय," ती म्हणाली, "सगळा भात तूच खातीस व्हय?"

मी त्यातल्या निम्म्या कण्या तिच्या ताटात वाढल्या आणि तेवढाच आंबेमोहोर तिच्या मुदेतून काढून माझ्या पानात घेतला. हिशेब चुकू द्यायचा नाही, असे आता ठरले आहे.